गावचे ‘मेजर’ : एका माजी सैनिकाचं आयुष्य नीट लिहून ठेवायचं आहे

वर्धाकाठ

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावचे एक माजी हवालदार गेल्या पौषात घरीच वारले. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे नाव देत नाही. गाव त्यांना ‘मेजर’ म्हणायचं, इथेही तसंच म्हणतो. पायदळातून निवृत्त होऊन आले आणि चार एकर कोरडवाहू वावरात रमले. तीन मुली. त्यांना सकाळी सायकलवरून फाट्यावर सोडणं आणि संध्याकाळी आणायला जाणं हे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर टाकलं नाही. काकूंचे गुडघे गेले तेव्हापासून पाणी भरण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळं स्वतःकडे घेतलं.

पहिल्या पुण्यतिथीला त्यांच्यावर छोटं पुस्तक काढायचं ठरलं आहे. हाताशी त्यांची काळी ट्रंक आहे. तीत डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), एका पट्टीवर लावलेली पाच पदकं, मनीऑर्डरच्या पावत्या तारेत ओवलेल्या, फोटो (दोन काचेला चिकटलेले) आणि काकूंना पाठवलेली अंतर्देशीय पत्रं. प्रत्येक पत्राच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घातलेला आहे, म्हणजे एखादं टपालात हरवलं तर काकूंना कळावं.

पुस्तकात काय घ्यावं, पदकांचा अर्थ कसा लावावा, कागद कसे टिकवावेत, आणि गावात त्यांच्या नावाने कायमचं काही उभं करायचं तर काय करावं, हे जाणकारांनी सांगावं.

गस्त

वर्धाकाठ भाऊ, पुस्तक होईलच. आधी काकूंची कुटुंब पेन्शन सुरू झाली का ते बघा. ज्या माणसाने आयुष्यभर घर ओढलं त्याच्यामागे घरच्यांना खेटे पडू नयेत, हे पहिलं काम.

घरी वारले म्हणजे मृत्यूची नोंद आपल्याच ग्रामपंचायतीत, २१ दिवसांच्या आत. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्यावरचं नाव डिस्चार्ज बुकातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं, फौजेच्या कागदावर बऱ्याचदा ते नसतं. असा फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसीलमध्ये करून ठेवा.

मग मृत्यूची सूचना सैन्य पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर टाकायची. गावाजवळच्या सेवा केंद्रातून होतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही मदत मिळते. लागतं ते एवढं : मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, काकूंचं आधार आणि पॅन, त्यांच्या नावाचं बँक खातं. पीपीओमध्ये काकूंचं नाव आधीच नोंदलेलं असेल तर काम सरळ आहे. नसेल तर प्रकरण रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयामार्फत जातं आणि वेळ लागतो. खरी अडचण इथेच येते, कारण जुन्या काळी लग्न झाल्यावर युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या लग्न, मुलं अशा नोंदींचा आदेश) निघालेली नसायची, किंवा निघाली तर बायकोचं माहेरचं नाव लागलेलं असायचं.

पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत मेजरांची, दुसऱ्या दिवसापासून काकूंची. मधल्या काळात मेजरांच्या खात्यात जादा पेन्शन जमा झाली असेल तर ती एटीएममधून काढू नका. बँक ती वसूल करते, आणि तो मेळ बसेपर्यंत काकूंचं प्रकरण अडकू शकतं.

दर : मेजर वयाच्या ६७ नंतर गेले असतील तर साधारण दराने, म्हणजे शेवटच्या गणनीय वेतनाच्या ३० टक्के. किमान ९,००० रुपये आणि त्यावर महागाई दिलासा. काकू ८० च्या झाल्या की मूळ रकमेवर २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०. म्हणून काकूंची जन्मतारीख आताच अभिलेखात नीट लागली पाहिजे. ती कोरी राहिली तर ही वाढ आपोआप लागत नाही, आणि ऐंशीच्या बाईला पुरावा शोधत फिरावं लागतं.

मेजरांचं ईसीएचएस (माजी सैनिक आरोग्य योजना) कार्ड आणि कॅन्टीन कार्ड परत करायचं, काकूंचं त्यांच्या नावाने चालू राहतं. माजी सैनिकाच्या पत्नीला एका घराच्या घरपट्टीत माफी आहे, राज्य शासनाचा २०२० चा निर्णय आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावा लागतो. मागितल्याशिवाय ती माफी लागत नाही.

फेरफार

गस्त साहेबांनी पेन्शनचं सांगितलं, वावराचंही लगेच करून घ्या. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांत द्यायचा असतो. तो ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवरून भरता येतो. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, नातं आणि प्रतिज्ञापत्र. आधी वारस नोंदवहीत नोंद, मग फेरफार, मग १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणन.

काकू आणि तिन्ही मुली, चौघींची नावं लागली पाहिजेत. ‘मुली सासरी गेल्या, आईचंच लावा’ असं गावात सहज म्हणतात. ते चालत नाही. कुणाला हक्क सोडायचा असेल तर आधी नाव लावून मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलेल्या कागदाने फेरफार होत नाही.

आणि सातबारा बघा, भोगवटादार वर्ग एक आहे की दोन. मेजरांना सरकारकडून जमीन मिळाली असेल तर वर्ग दोन असण्याची शक्यता आहे. तशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, वारसांना हे आताच माहीत असावं.

जुनी_ट्रंक

पदकं आणि डिस्चार्ज बुक यांवर लिहितो. पाचही पदकांची नावं आणि कडेवर काय कोरलं आहे ते टाका.

वर्धाकाठ

पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल (त्यावर जम्मू काश्मीरची पट्टी), २५ वी स्वातंत्र्य वर्धापन मेडल, नऊ वर्षं दीर्घ सेवा मेडल. कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव आहे. तीन पदकांवर ‘सिपाही’, एकावर ‘एल/एनके’. स्टारच्या मागचं वाचता येत नाही, घासलं गेलं आहे.

जुनी_ट्रंक

क्रम बरोबर लावलेला आहे, तोच ठेवा.

पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही दोन्ही १९७१ च्या युद्धाची. स्टारवरून एवढं नक्की होतं की ते पश्चिम आघाडीच्या क्षेत्रात होते. कोणत्या ठाण्यावर, कोणत्या लढाईत, हे पदकावरून कळत नाही. जम्मू काश्मीरच्या पट्टीचं सैन्य सेवा मेडल त्या भागातल्या सेवेचं. २५ वी वर्धापन मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना मिळाली, ती शौर्याची नाही. पुस्तकात ‘शौर्याबद्दल पाच पदके’ असं छापू नका. पाचही सेवापदकं आहेत, आणि मानाने मिरवावीत अशीच आहेत. फुगवलेलं वाक्य वाचून एखादा जाणता माजी सैनिक पुढचं खरंही खोटं समजेल.

‘एल/एनके’ म्हणजे लान्स नायक. वेगवेगळ्या पदकांवर वेगवेगळा हुद्दा असणं ठीक आहे, पदक दिलं गेलं तेव्हाचा हुद्दा कोरलेला असतो. त्यावरून बढतीचा अंदाज येतो, तारीख मात्र डिस्चार्ज बुकातलीच घ्या.

स्टार घासला गेला तो बहुतेक ब्रासोने. दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला चकाकी आणायला पितळेची पॉलिश लावतात आणि अक्षरं झिजतात. आता कोरड्या मऊ सुती कापडाने पुसण्यापलीकडे काही करू नका. रिबन उन्हात विटते, म्हणून फ्रेम करायची तर दारासमोरच्या भिंतीवर नको.

आता डिस्चार्ज बुक. सगळ्यात आधी सेवा क्रमांक आणि शेवटचं अक्षर उतरवा, त्याच्याशिवाय कुठलंही कार्यालय उत्तर देत नाही. मग भरतीची तारीख आणि ठिकाण, डिस्चार्जची तारीख, आणि कारण. कारणापुढे बहुतेक ‘भरतीच्या अटी पूर्ण झाल्याने’ या अर्थाची ओळ असते. मग सेवेचा हिशेब. त्या काळात कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष नोकरी) आणि रिझर्व्ह वेगळी मोजली जायची. दोन्हींची बेरीज करून ‘इतकी वर्षं सीमेवर’ असं लिहिणं चूक, कारण रिझर्व्हमध्ये माणूस घरीच असतो. कॅरेक्टरच्या रकान्यात ‘एक्झेम्प्लरी’ असेल तर ते आवर्जून घ्या, तो सर्वोच्च शेरा आहे. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यापेक्षा वेगळी निघाली तर दोन्ही छापा आणि कुठली कुठून घेतली ते लिहा.

हुद्दा ‘हवालदार’ असाच जाऊ द्या. गावाने प्रेमाने मेजर म्हटलं हे पुस्तकात यावं, पण मुखपृष्ठावर नावाआधी ‘मेजर’ आलं तर तो अधिकाऱ्याचा हुद्दा होतो. तसंच ‘शहीद’, ‘वीरगती’ हे शब्द नकोत. घरी, मुलीबाळींत गेले. ‘निधन’ म्हणा.

अधिक माहितीसाठी काकूंच्या सहीने अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. महार रेजिमेंटचं सागरला, गार्ड्सचं कामठीला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. तोफखाना असता तर नाशिक रोड, सिग्नल्स जबलपूर. पत्रासोबत मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुकाच्या पानांच्या प्रती आणि काकूंची ओळख. ‘सगळी माहिती द्या’ असं मागू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या बटालियनमध्ये, बढतीच्या तारखा, आणि किंड्रेड रोलची (कुटुंबीयांच्या नोंदींची) प्रत, एवढंच मागा. नेमकं मागितलं की उत्तर येतं.

धुरकरी

वर्धाकाठ भाऊ, काकूले ‘कोणत्या साली’ असं इचारू नका. सन आठवत नाई, पीक आठवते. ‘मेजर सुट्टीवर आले तवा पऱ्हाटी (कापूस) निंदाले आली होती का येचाले?’ असं इचारा. निंदाले म्हणलं का आषाढ-श्रावण, येचाले म्हणलं का दिवाळीच्या पुढं. पोरगी झाली तवा पोळा झाला होता का व्हाचा होता, हे बाईले पक्कं आठवते.

सालासाठी मोठ्या गोष्टीचा आधार घ्या. तुकडोजी महाराज गेले ते ११ ऑक्टोबर १९६८. दुष्काळ १९७२ चा. पवनारले विनोबाजी गेले ते १५ नोव्हेंबर १९८२. इंदिराबाईले मारलं ते ३१ ऑक्टोबर १९८४. मोवाडचा पूर ३० जुलै १९९१. ‘तवा मेजर घरी होते का नोकरीवर?’ एवढाच सवाल. दोन गोष्टीच्या मधात तिसरी बरोबर बसते.

एका बैठकीत अर्ध्या तासावर बसू नका. आन् लेकी समोर असल्या का काकू कमी बोलते, लेकीच बोलते. एकदा काकूले एकटीले इचारा, मंग लेकीइले येगळं इचारा.

निळीशाई

धुरकरी भाऊंचं अगदी पटलं. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी काकूंना सांगून. पंखा बंद ठेवा. आवाजात घरघर आली की नंतर उतरवून घेताना अर्धे शब्द जातात.

कागदांचं सांगते. पहिली गोष्ट, डिस्चार्ज बुकाला किंवा पत्रांना लॅमिनेशन करू नका. तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सवाला लगेच तयार होतो, पण उष्णतेने शाई पसरते, प्लॅस्टिक कागदात मुरतं आणि पुन्हा कधी निघत नाही. सेलोटेपही नको, दोन-चार वर्षांत पिवळी पट्टी उमटते.

स्कॅनिंग : कागद ३०० डीपीआयला, पासपोर्ट आकाराचे फोटो ६०० ला. स्कॅनर नसेल तर मोबाईल चालतो. ओसरीत, उजेड असेल पण ऊन नसेल अशा जागी, फ्लॅश बंद, कागद जमिनीवर सपाट आणि मोबाईल बरोबर डोक्यावर आडवा. तिरका धरला की एक कड लहान येते. काचेला चिकटलेले फोटो ओढू नका, पाण्यात तर मुळीच घालू नका. वरचा थर काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काच बाहेरून पुसून काचेवरूनच फोटो घ्या, मागे काळं कापड धरा म्हणजे आपली सावली उमटत नाही.

पत्रांवर मेजरांनी स्वतः आकडे घातले आहेत, हे मोठं काम झालेलं आहे. फाईलला तोच आकडा द्या. ००१ पासून, तीन अंकी, म्हणजे संगणकात क्रम बिघडत नाही. मधले कोणते आकडे नाहीत ते वेगळं लिहा. पत्रावर ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असेल तर त्यावरून गाव शोधू नका. ५६ साधारण पश्चिमेकडचं आणि ९९ पूर्वेकडचं फौजी टपाल, नेमकी जागा लपवायलाच तो पत्ता असतो. शिक्क्यावरची तारीख मात्र विश्वासाची.

ट्रंक भिंतीपासून वीतभर दूर, चार विटांवर ठेवा, आपल्याकडे वाळवी भिंतीतूनच येते. पत्रं प्लॅस्टिकच्या थैलीत नको, पावसाळ्यात आत घाम येतो. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात. डांबर गोळ्या ठेवायच्या तर पुरचुंडीत, कोपऱ्यात. फोटोला टेकल्या की डाग पडतो. मनीऑर्डरच्या पावत्या तारेतून काढून घ्या. तार गंजते आणि भोकाभोवतीचा कागद खाते.

वर्धाकाठ

निळीशाई ताई, पावत्यांचा पुस्तकात काही उपयोग आहे का? गावातल्या तरुण मंडळींचं म्हणणं आहे की १९७१ चं प्रकरण मोठं करावं, बाकी घरगुती गोष्टी दोन पानांत उरकाव्या.

जुनी_ट्रंक

१९७१ चं प्रकरण कागद सांगतील तेवढंच करा. पश्चिम आघाडीवरचं युद्ध ३ ते १७ डिसेंबरचं. अभिलेख कार्यालयाकडून त्या दिवसांतली बटालियन कळली तर त्या बटालियनने काय केलं हे रेजिमेंटच्या इतिहासातून घेता येईल. पण बटालियन लढली म्हणजे हे त्या कंपनीत होते असं नाही. जवान रजेवर, कोर्सला, डेपोत, दवाखान्यातही असू शकतो. पत्रांची पोस्टाची तारीख आणि बटालियनच्या तारखा शेजारी मांडा. जुळलं तर लिहा. नाही जुळलं तर ‘युद्धकाळात पश्चिम क्षेत्रात सेवा, पश्चिमी स्टार’ एवढं एक खरं वाक्य पुरतं.

निळीशाई

माझं मत तरुण मंडळींच्या उलट आहे. पावत्या म्हणजे या पुस्तकाचा कणा होऊ शकतात. प्रत्येक पावतीवर तारीख, रक्कम आणि खाली निरोपाची जागा असते. वहीत चार रकाने पाडा : तारीख, रक्कम, निरोप, आणि त्या महिन्यात घरी काय घडलं. चौथा रकाना काकूंकडून भरून घ्या. बियाणं, मुलीची फी, सासूचं औषधपाणी, घराची कवेलू (कौलं). पगारातला किती भाग घरी यायचा, कोणत्या महिन्यात जास्त पाठवले आणि का, हे दिसायला लागतं. जूनमध्ये रक्कम वाढलेली दिसली तर पेरणी. जुलैत वाढली तर शाळा. माणूस शेकडो मैलांवर बंकरमध्ये बसून घराचं गणित कसं सांभाळत होता, हे दुसऱ्या कुठल्याही कागदावर सापडणार नाही.

निवृत्तीनंतरचंही असंच मिळवा. जमाखर्चाची वही, कर्जाचं पासबुक, मुलींच्या निकालपत्रकावरच्या पालकाच्या सह्या. भाकरीचं तुम्ही वर लिहिलं ते काकूंच्याच तोंडून घ्या, किती वर्षं आणि पहिली भाकर कशी झाली, सगळं. ते दोन पानांत उरकू नका.

छपाई : आडवा अर्धा ए-फोर, मध्ये पिन. पानं चारच्या पटीत येतात, म्हणून २४ किंवा ३२ धरा. २६ पानांचा मजकूर नेला की प्रेसवाला दोन कोरी पानं घालतो. आतला कागद ८० जीएसएम, फोटोंची चार पानं १३० च्या आर्ट पेपरवर मध्यभागी, मुखपृष्ठ २५० किंवा ३००. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त सोडा, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते.

मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असेल आणि प्रेसवाला जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेणार असेल तर प्रुफात ‘ऱ्हा’, ‘ष्ट्र’, ‘र्थ’, ‘क्ष’ आणि सगळे आकडे तपासा. तिथेच मोडतं. ‘पऱ्हाटी’ आणि ‘राष्ट्रपती’ हे दोन शब्द आधी शोधा. सेवा क्रमांक आणि तारखा दोघांनी मिळून वाचा, एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून.

वर्धाकाठ

वहीचं लगेच सुरू करतो. आणखी एक. कार्यक्रमात फोटोवर तिरंगा पांघरायचा आणि फ्लेक्सवर तिरंग्याची पार्श्वभूमी घ्यायची असं काहींनी ठरवलं आहे. दगडावर अशोक स्तंभही कोरायचा म्हणतात.

जुनी_ट्रंक

तिन्ही थांबवा. पांघरण्यासाठी तिरंगा फक्त शासकीय इतमामाच्या, सेनादलांच्या आणि निमलष्करी दलांच्या अंत्ययात्रेत वापरता येतो. बाकी ठिकाणी तो राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाच्या १९७१ च्या कायद्यात बसणारा गुन्हा आहे. ध्वजावर अक्षरं छापणंही चालत नाही, आणि फ्लेक्स दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या छपरावर जातो. अशोक स्तंभ ही राजमुद्रा आहे, खासगी स्मारकावर कोरायला २००५ च्या कायद्याने मनाई आहे. दगडावर नाव, खरा हुद्दा, सेवेची वर्षं, जन्म-मृत्यू एवढं सुंदर अक्षरात पुरे.

कार्यक्रमात ध्वज फडकवायचा असेल तर स्वतंत्र काठीवर, तीनास दोन प्रमाणाचा, केशरी वर, आणि शेजारी त्याच्यापेक्षा उंच काही नको. मानवंदनेसाठी तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेला आधी कळवा, पुष्पचक्राची तयारी तेच करतात. ‘लास्ट पोस्ट’ची (मानवंदनेची बिगुलाची) धून मोबाईलवरून वाजवणार असाल तर फोन विमान मोडवर टाका.

धुरकरी

प्रार्थना मोझरीवाल्यांची (तुकडोजी महाराजांची) सामुदायिक ठेवा, खंजिरी भजन मंडळ गावातलंच असन. बौद्ध घर असन तर पुण्यानुमोदनाचा विधी घरच्याइले इचारून. आपल्या मनानं ठरवू नका.

काळीभुई

कायमचं काही उभं करायचं म्हणता तर दगडापेक्षा भरतीच्या पोरांसाठी पुल-अपचा दांडा उभा करा. मेजरांसारख्या माणसाचं नाव रोज सकाळी पाच वाजता घेतलं जाईल. सैन्यभरतीत धावणं १६०० मीटर आणि पुल-अप, दहा काढले की पूर्ण ४० गुण. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स हे पास होण्यापुरते. गावात दांडा नसला की पोरं निंबाच्या फांदीवर लटकतात. फांदी जाड असते, पकड बसत नाही आणि भरतीच्या दिवशी हात सुटतो.

दांडा : एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, म्हणजे बाहेरून साधारण ३४ मिलिमीटर. बोटं पूर्ण वळतात. दीड-दोन इंची लावू नका. दोन खांबांत अंतर पाच फूट. त्याहून जास्त ठेवलं तर दोन पोरं एकदम लटकली की मधून वाकतो. खांब अडीच इंची पाइपचे, लांबी ११ फूट, त्यातले ३ फूट जमिनीत, म्हणजे दांडा ८ फुटांवर. लहान पोरांसाठी शेजारी साडेसहा फुटांचा एक.

आता महत्त्वाचं. जागा काळ्या मातीत असेल तर खांब सरळ राहणार नाही. आपली भुई उन्हाळ्यात हातहात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, फूट-दीड फुटाचा खड्डा ती वर उचलून टाकते. गावाजवळ बरड किंवा मुरमाड जागा असेल तर तीच घ्या. काळीतच करायचं तर खड्डा दीड बाय दीड फूट आणि साडेतीन फूट खोल. तळाला अर्धा फूट मुरूम ठोकून, मग खांब ओळंब्यात उभा करून एकास दोनास चार (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. दोन खड्ड्यांना साधारण अडीच पोती सिमेंट. वरचं तोंड जमिनीपेक्षा दोन बोटं उंच आणि बाहेर उताराचं करा, पाणी खांबाशी साचलं की तिथेच गंजून तुटतो. आठ दिवस पोतं ओलं ठेवून पाणी मारा, तीन आठवडे कुणाला लटकू देऊ नका. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. मेच्या भेगांत ओतलं तर काँक्रीट भेगेत उतरतं, आणि पावसात खड्डाच भरतो.

खांबांची वरची तोंडं पत्रा लावून वेल्डिंगने बंद करा. उघडी राहिली की आत पाणी जातं आणि गांधीलमाशा घर करतात. दांड्याला रंग लावू नका, घामाने पापुद्रे निघून हात फाटतात. रंग फक्त खांबांना, आधी रेड ऑक्साइड.

धावपट्टी गावाच्या मैदानावर २०० मीटरची बसते, १६०० ला आठ फेऱ्या. अंतर मोटारसायकलच्या मीटरवर मोजू नका, टेपनेच मोजा. १५ मीटरचा फरक फेरीमागे पडला तर आठ फेऱ्यांत १२० मीटर जातात, आणि पोरगं खोट्या वेळेवर खूश राहून भरतीत मागे पडतं.

गस्त

काळीभुई दादांची कल्पना चांगली. जागा गावठाणातली किंवा शाळेची असेल तर ग्रामसभेचा ठराव आधी घ्या, शाळेच्या आवारात असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचाही. ठरावात देखभाल कुणी करायची ते नावानिशी लिहून घ्या. नावाची पाटी खांबावर वेल्ड न करता नट-बोल्टने लावा, म्हणजे खांब बदलला तरी पाटी राहते.

वर्धाकाठ

सगळ्यांचे आभार. काकूंचं नाव पीपीओमध्ये निघालं, पण जन्मतारखेचा रकाना कोरा आहे. गस्त साहेब, काकू शाळेत गेलेल्या नाहीत. पुरावा काय लावू?

गस्त

पॅन, मतदार ओळखपत्र, आधार, यांवर एकच तारीख आहे का ते आधी बघा. आधारवर नुसतं वर्ष असेल तर ते पूर्ण तारखेचं करून घ्या. तिन्ही कागदांवर एकच तारीख आली की प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाला पाठवा. डिस्चार्ज बुकात कुटुंबाच्या पानावर लग्नाच्या वेळचं काकूंचं वय लिहिलेलं असतं बऱ्याचदा. ते पान आधी तपासा, कारण तिथलं वय आणि आधार यांत दोन-चार वर्षांचा फरक निघाला तर त्याचा खुलासा त्याच अर्जात द्यावा लागेल.